ओढ्याकाठची माती

काटेवाडी,
ता. १९ जानेवारी १९९७, रविवार

सौ. सारजावहिनीस नकोशीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल. सव्वा वर्षात सासरचं एक माणूस तुझ्या माहेरी सणसरला फिरकलं नाही आणि आता या नणंदेला कुठून उमाळा आला, असंच म्हणशील. तरी विचारते, तू बरी आहेस ना? तुझ्या आबांचा गुडघा कसा आहे?

मी आता घरी सुप्याला नसते. काटेवाडीला आत्याकडं राहते आणि बारामतीला शेतीच्या एका संस्थेत रोजंदारीवर जाते. काम ऐकून हसशील. काचेच्या बशीत टिपकागद घालायचा, त्यावर शाळूचे पंचवीस दाणे चिमट्यानं मांडायचे, पाणी द्यायचं आणि रोज सकाळी किती उगवले ते बघायचं. आई म्हणते, "धाव्वी शिकून दाणंच मोजायचं हुतं, तर घरात काय कमी हुतं?" आत्याच्या घरी दोन जर्सी गाई आहेत. त्यांचा थाट माझ्यापेक्षा जास्त आहे.

संस्थेतले इंद्रजित सर गाजरगवतावर काम करतात. तेच ते, आपल्या बांधावरचं पांढऱ्या फुलांचं, अंगाला लागलं की खाज सुटते ते. ते ठेचून भिजत घालायचं, गाळायचं आणि ते पाणी निम्म्या बशांना द्यायचं. उरलेल्या बशांना साधं पाणी. पहिल्या खेपेला साध्या पाण्यातले तेवीस उगवले. गवताच्या पाण्यातले दोन, आणि त्यांनाही मूळ म्हणावं असं काही नव्हतं, नुसती तपकिरी टोकं. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. पुन्हा मांडले, पुन्हा तेच. सर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. या गवतात रसायनं असतात, ती दुसऱ्याचं बी उगवू देत नाहीत. गवत कुजलं तरी ती मातीत उतरतात."

एवढं सांगून सर पुढच्या बशीकडं गेले. मी तिथंच उभी राहिले.

म्हस्कूमामानं उरलीसुरली मेंढरं विकली आणि आता तो साखर कारखान्यावर रखवालदार आहे. शिट्टी फुंकतो आणि मेंढरांना हाकल्यासारखा ट्रॅक्टरवाल्यांना हाकतो म्हणे. हे तुला सांगायचं होतंच असं नाही. पुढचं लिहायला हात धजत नाही म्हणून सांगतेय.

तुझं आमच्या घरातलं पहिलं नवरात्र. नव्या सुनेचा मान म्हणून आईनं सगळं तुझ्या हातून करून घेतलं. पत्रावळीवर माती तू पसरलीस, धान्य तू पेरलंस, मधे घट तू ठेवलास. पाचव्या माळेपर्यंत काही वर आलं नाही. सातव्या माळेला आईनं बोटानं उकरून बघितलं, तर दाणे काळे पडून बुळबुळीत झालेले. दसऱ्याला टोपीत खोवायला घरात एक तुरा नव्हता. बिरदेवदादा शेजाऱ्यांकडं मागायला गेला आणि त्यांनी त्याला चारचौघांत विचारलं, घरात काय झालंय म्हणून. त्याच आठवड्यात शेळी गाभडली. मग आईला दुसरं काही लागलंच नाही. दिवाळीला तुला एसटीत बसवलं, ते बसवलंच.

वहिनी, ती माती मी आणली होती.

आईनं ओढ्याकाठची आणायला सांगितली होती. ओढा लांब, ऊन मरणाचं. बांधाला आपणच श्रावणात उपटून टाकलेल्या गाजरगवताचा ढीग कुजला होता. त्याच्याखालची माती काळीभोर, भुसभुशीत. मला वाटलं, ओढ्याच्या मातीपेक्षा हीच सकस. पाटी भरून घेऊन आले. इथपर्यंत अडाणीपणाची चूक आहे. ती कुणाकडूनही होते.

पण सातव्या माळेला आईनं विचारलं, "माती कुठली गं?" आणि मी म्हणाले, "वड्याकाठची." तू तेव्हा माझ्याकडं बघितलंस. त्या दिवशी तू बांधाला गोवऱ्या थापत होतीस, मला पाटी भरताना तू बघितलं होतंस. तरी गप्प बसलीस. का गं? एका शब्दानं बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मला मातीतलं काही कळत नव्हतं, हे खरं. पण आईनं सांगितलं तिथली ती नाही, एवढं तर ठाऊक होतं. मग खोटं का बोलले, तेही सांगते. लहानपणापासून घरात काही बिनसलं की सगळे माझ्याकडं बघायचे. आमच्या घरात नकोशी नाव मिळालं की ते आयुष्यभर चालतं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी दुसऱ्या कुणाकडं तरी बघितलं. मला बरं वाटलं, वहिनी. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

माघात पंच बसणार आहेत. दादाचं दुसरीकडं बघणंही चाललंय. त्याआधीच्या रविवारी मी दोन बशा घेऊन घरी जाते आणि सगळं सांगते. आता माझ्याकडं नुसते शब्द नाहीत, दाणे आहेत. तू परत यावंस की नाही ते तू ठरव, पण तुझ्यावरचा ठपका तरी निघेल. दोन ओळी लिही.

तुझी नणंद,
नकोशी


काटेवाडी,
ता. १२ ऑक्टोबर १९९७, रविवार

सारजावहिनीस,

आता वहिनी लिहायचा मला हक्क नाही, पण दुसरं काही लिहिता येईना.

तुझं कार्ड जानेवारीतच मिळालं. "सांगून बघ. इथं भावजय मला खुरपायला नेती, पेरणीला चाड्यावर मूठ धरू देत न्हाय." त्या दोन ओळींना उत्तर द्यायला मला नऊ महिने लागले. पंचांनी काडीमोड दिला, ते आबांनी घरी येऊन सांगितलंच असेल. त्याआधी आमच्या घरात काय झालं, ते त्यांना ठाऊक नाही.

मी ठरल्याप्रमाणे गेले. दोन्ही बशा टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून नेल्या. एकीत हिरवे कोंब, दुसरीत दाणे जसेच्या तसे. आई आणि दादाला समोर बसवून सगळं सांगितलं. ढिगाखालची माती, माझं खोटं, काही ठेवलं नाही. दादानं वाकून दोन्ही बशा बघितल्या. मग म्हणाला, "म्हंजी तिचा काय दोष न्हवता?"

तेवढ्यात मला वाटलं, जिंकले.

आई शांतपणे म्हणाली, "आसंल हिनंच आणलेली. पर आजवर इतक्या वर्सांत हिच्या हातनं कधी वंगाळ माती आली न्हाय. ती सारजा घरात आली त्याच वर्साला कशी आली?"

"आगं आये, मी चुकले! मी खोटं बोलले!"

"व्हय. तिच्याच पायगुणानं तुला तशी बुद्धी झाली."

मी एक बोलले की आईची दोन तयार होती. दादाकडं बघितलं. त्यानं बशीवर टॉवेल टाकला आणि म्हणाला, "दत्तोबातात्यांस्नी शब्द दिलाय. आता कुठल्या तोंडानं सांगू?" हे दत्तोबातात्या म्हणजे त्याचे आताचे सासरे. पंचांसमोर बोलू द्या म्हणून मी दादाच्या पाया पडले, तर पंच बसले त्या दिवशी मला आत्याकडून येऊच दिलं नाही.

वैशाखात कौसल्या आली. दत्तोबातात्यांची मुलगी. एकोणीस वर्षांची, हसरी, सारखी पदर सावरणारी. तिच्यावर राग धरायचा ठरवलं होतं, पण जमेना. मला अक्का म्हणते.

आणि नवरात्र आलं. आईनं मला निरोप पाठवून घरी बोलावलं आणि कौसल्येला म्हणाली, "जा, माती घिऊन ये." पोरीला शेतातलं काही ठाऊक नाही. बांध तसाच गवतानं माजलेला. मी पाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि ओढ्यापर्यंत चालत गेले. भर उन्हात, वहिनी. काठाची माती आणली, चाळली, एकेक काडी वेचून काढली. धान्य संस्थेतलं निवडक दिलं. तुझ्यासारखं या पोरीचं होऊ नये, एवढंच मनात होतं.

घट असा आला की बघत राहावं. दसऱ्यापर्यंत वीतभर तुरे, पिवळेधमक. अख्खी गल्ली बघायला आली. जो येईल तो कौसल्येच्या तोंडाकडं बघून म्हणायचा, पायगुण म्हणावा तर असा. आणि मग न चुकता तुझं नाव निघायचं. आईनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "आता कुठं गेलं गं तुझं गवात?" मी म्हणाले, माती मी आणली, ओढ्याची आहे, म्हणून उगवलंय. सगळे हसले. कौसल्यासुद्धा हसली. तिला तरी काय ठाऊक?

काल एसटीत सारा वेळ याचाच विचार करत होते. गवताखालची माती आणली असती तर दिवाळीला कौसल्या एसटीत बसली असती. चांगली आणली, तर तुझ्यावर कायमचा शिक्का बसला. सणसरलाही ही बातमी पोचेल. तुझी भावजय आता मूठ तर सोडच, बियाण्याच्या पोत्यालाही हात लावू देणार नाही. तुझ्यावर जो संशय होता, त्याची मी माझ्या हातांनी खात्री करून दिली.

इकडं बशा अजून मांडते. साध्या पाण्यातले उगवतात, गवताच्या पाण्यातले उगवत नाहीत. न उगवलेले दाणे धुऊन मी स्वच्छ पाण्यात घालून बघितले, सरांना न विचारता. पंचविसांतला एक उठला. तोही तिसऱ्या दिवशी मान टाकून बसला.

एक राहिलं. दसऱ्याला आईनं सगळ्यांना तुरे वाटले. माझ्याही वेणीत खोवला. तो उपटून तिच्यासमोर टाकावा असं फार मनात आलं. पण घर माणसांनी भरलेलं, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. तसाच घेऊन इथं आले. हे लिहितेय तेव्हा तो सुकून पाठीला टोचतोय, आणि मी अजून काढलेला नाही.

उत्तर पाठवू नकोस. माझ्यानं ते वाचवणार नाही.

एके काळची तुझी नणंद,
नकोशी