बाळ पायाळू आहे, हे तुला ठाऊक होतं

अरे,

मी ताईकडे जातेय. फोन करू नकोस, उचलणार नाही.

आज तपासणीला एकटीच गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ अजून पायाळूच आहे. बाहेरून हातानं वळवून बघू, असं तीन आठवड्यांपूर्वी मिस्टरांना सांगितलं होतं. तुम्हीच नको म्हणालात ना?" मला तर हे आजच कळलं. आता पोटातलं पाणी कमी झालंय, वळवता येणार नाही. परवा सकाळी ऑपरेशन.

घरी येऊन आईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "तू घाबरशील म्हणून आम्ही दोघांनीच ठरवलं."

बरगडीखाली टणक लागायचं तेव्हा मी म्हणायचे, "बघ, ढुंगण वर करून बसलंय." तूही हात ठेवून हसायचास. ते डोकं होतं, हे ठाऊक असून हसायचास. मी घाबरले असते रे, पण तुझ्याजवळ बसून घाबरले असते.

आईंची रात्रीची गोळी अर्धीच द्यायची. जेवण झाकून ठेवलंय.

ऑपरेशनच्या कागदावर सही माझी मीच करणार आहे. परवा बाळाला बघायला ये. माझ्याशी बोलायची घाई करू नकोस.