वॉर्ड सहाचा सिमेंट रस्ता

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या डायऱ्या असतात, पुढे कामी येतात. मी उमेंद्र बिसेन, वय ४६, वॉर्ड सहाचा नगरसेवक, नगर पंचायतीचा बांधकाम सभापती. पुढच्या टर्मला नगराध्यक्ष. हे अजून रविताला सांगितलेलं नाही. बायकोला आधी सांगितलं की काम होत नाही.

संकल्प: पहाटे पाचला फिरणं. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. वॉर्ड सहाचा सिमेंट रस्ता २६ जानेवारीच्या आत.

फिरणं उद्यापासून. आज सात वाजून गेले.

९ जानेवारी, गुरुवार

रस्त्याच्या कडेची नाली खोदणं सुरू. दुपारी जेसीबीचा दात नळाच्या मेन पाइपला लागला. बंद राइस मिलच्या फाटकासमोर. वीतभर चीर. पाणी बंद होतं म्हणून फवारा उडाला नाही.

पाणी सोडणारा पतिराम उईके सुनेला माहेराहून आणायला केशोरीला गेलेला. ठेकेदार हिमांशू म्हणाला, दोन दिवस थांबू, पतिराम आला की तुकडा बदलून देईल. मी म्हटलं, उद्या सकाळी काँक्रीटची गाडी येते, थांबायचं कोणासाठी? हिमांशूने टायरची ट्यूब कापून गुंडाळली, वरून तार आवळली. मी स्वतः हात लावून पाहिलं. पक्कं.

निर्णय घ्यायला दहा मिनिटं लागली. पुढारी आणि बाकीच्यांत फरक हाच.

१२ जानेवारी, रविवार

दोनशे ऐंशी मीटर पूर्ण. रस्ता असा सपाट की त्यावर भात वाळवावा. दोघींनी सकाळी तेच केलं. समजावून उठवलं.

खर्रा अर्धाच खाल्ला. अर्धा हिमांशूला दिला. यालाही बंदच म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर लोकार्पण. माणसं बऱ्यापैकी होती. जिलेबी संपेपर्यंत थांबली. पाटीवर माझं नाव 'उमेद्र' कोरलंय. टिंब राहिलं. मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या, लांबून कळत नाही. मला लांबूनही कळलं.

भाषण चालू असताना पतिराम जवळ येऊन म्हणाला, "साहेब, मिलच्या पल्याडच्या घरी पहिल्या पान्याले वास येऊन राहिला." म्हटलं, नवीन सिमेंटचा असेल. तो म्हणाला, "सिमेंटाचा वास मले समजते जी." लोकार्पणाच्या दिवशी बोलायची ही वेळ नाही, हे त्याला कळायला हवं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉर्डातल्या दोन पोरांना कावीळ. या दिवसांत होतेच. थंडी जाते, ऊन येतं, शरीर गोंधळतं.

दोन्ही घरं मिलच्या पल्याडची. योगायोग.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कावीळ आता नऊ जणांना. काविळीवर झाडपत्तीचं औषध देणाऱ्या सुखराम बाबाच्या दारात सकाळी रांग होती. मी गाडी हळू केली, उतरलो नाही. रांगेतल्या एका बाईने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. मी नमस्कार केला. तिने केला नाही. आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मासिक सभा. विरोधातले भैयाजी रहांगडाले उभे राहिले. म्हणाले, वॉर्ड सहात सतरा माणसं पिवळी झाली आणि विषयपत्रिकेत बगीच्याच्या बाकांचा विषय पहिला आहे. त्यांची मागणी: नवा रस्ता फोडून पाइप तपासा.

मी शांतपणे उत्तर दिलं. अर्धा तास. लग्नसराई, उघड्यावरचं खाणं, बदलतं हवामान. रस्ता फोडणं म्हणजे जनतेच्या स्वप्नाला कुदळ लावणं, असं वाक्य जागेवर सुचलं. शेवटी माझा ठराव मंजूर: शहरात गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्या एक महिना बंद.

कृती करणारा सभापती अशी प्रतिमा तयार होतेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुपचूपवाले पाच जण घरी आले. म्हणाले, आमी का करावं? बाजारात त्यांच्या गाड्या उलट्या करून ठेवलेल्या आहेत. त्यांना सांगितलं, शहरासाठी त्याग करावा लागतो. एकाने विचारलं, मिलपल्याडच्या म्हाताऱ्यायनं कधी गुपचूप खाल्ले जी?

रविताने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तिने घरातला माठ रिकामा केला आणि पाणी उकळायला ठेवलं. म्हटलं, आपल्याकडे फिल्टरचं मशीन आहे ना. ती म्हणाली, असू द्या.  तिचं असं मोघम बोलणं मला आवडत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १

पतिराम ऑफिसात आला. बसा म्हटलं, बसला नाही. म्हणाला, पाणी बंद झालं का नालीचं पाणी कुठून तरी पाइपात शिरतं, तेच सकाळी पहिलं निघतं. वॉर्डात दोन लाइनी, चार गल्ल्या, सगळं खोदायला महिना जाईल. मग सरळ विचारलं, "मी केशोरीले गेलो होतो तवा पाइपाले कायी लागलं होतं का साहेब? लागलं असन तर जागा सांगा. मी एका दिवसात तुकडा बदलतो. कोनाचं नाव निंगनार नाई."

मी म्हटलं, काही लागलं नव्हतं.

तो म्हणाला, बरं. घरी सून आहे, तिला पाचवा महिना आहे, म्हणून विचारलं. आणि गेला.

आता यात खोटं काय आहे? लागलं होतं, पण दुरुस्त झालं होतं. दुरुस्त झालेली गोष्ट झालेलीच नसते. तरी हिमांशूला फोन केला. तो म्हणाला, साहेब, ट्यूब ती ट्यूब. किती दिवस टिकेल, ते मी कसं सांगू?

खर्रा दोन. ताण होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

लोकांची भीती काढण्यासाठी वॉर्ड सहाच्या नळाचं पाणी सगळ्यांसमोर पिण्याचा कार्यक्रम. कल्पना माझीच. मोबाइलवर शूटिंगला दोन माणसं. साठ-सत्तर लोक जमले. बायका डोक्यावर पदर घेऊन भिंतीला उभ्या.

पतिरामने नळाचं ताजं पाणी काचेच्या ग्लासात भरून दिलं. दिसायला स्वच्छ. नाकाजवळ नेल्यावर मात्र आठवलं की आज आपला उपास आहे. तसं जाहीर केलं. मागून कोणीतरी म्हणालं, "उपासाले पानी चालते जी." लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

ओठ लावले. घोट घेतला नाही, पण लांबून कळलं नसेल. पतिराम हातभर अंतरावर होता. त्याने ग्लास परत घेतला, पाणी खाली ओतलं आणि ग्लास विसळायला गेला.

व्हिडिओ चांगला आलाय. एकशे बारा लाइक.

३ मार्च, सोमवार

गोंदियाहून पाण्याचा रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. मॅडमनी वॉर्डात टँकर सुरू केला, नळाचं पाणी पिऊ नका अशी दवंडी दिली. टँकर दिवसातून एकदा येतो, अर्ध्या वॉर्डाला पुरतो. बाकीचा अर्धा नळाचंच पितो.

मॅडम म्हणाल्या, खोदायचं. मी म्हटलं, जरूर, पण शास्त्रीय पद्धतीने. आधी जुन्या गल्ल्या, नवा रस्ता सगळ्यांत शेवटी. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

कावीळ: एकतीस.

५ मार्च, बुधवार

पतिरामची सून दुर्गा आजारी. उलट्या. डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले की पोटुशी बाईला ही कावीळ वाईट असते. हे मला माहीत नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

उद्या नक्की भेटायला जायचं.

७ मार्च, शुक्रवार

जाणं झालं नाही. मीटिंगा.

जुन्या गल्ल्यांत तीन खड्डे झाले. तिन्ही कोरडे. मजूर चौथा घेऊन राहिलेत. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन उभा राहतो, सूचना देतो. पतिराम खड्ड्यात उतरतो, हाताने पाइप चाचपतो, वर येतो. मला काही विचारत नाही.

८ मार्च, शनिवार

दुर्गाला गोंदियाला नेलं. रविता सोबत गेली होती. मला न विचारता. संध्याकाळी आली, पाय धुतले, बाजेवर बसून राहिली. म्हणाली, पोरगी एकवीस वर्षांची आहे, माणूस ओळखत नाही आता, नीलेशलाही नाही. नीलेश म्हणजे पतिरामचा मुलगा. बायकोचे पाय दाबत बसला होता म्हणे.

मग तिने विचारलं, तुम्हाला काई माहीत आहे का?

मी म्हटलं, मला काय माहीत असणार.

ती म्हणाली, लग्नाले बावीस वर्षं झाली. तुमी खोटं बोलता तवा आधी चश्मा पुसता.

मी चश्मा पुसत नव्हतो. हातात होता, इतकंच.

१० मार्च, सोमवार

दुर्गाला नागपूरला हलवलं. पाचवा खड्डा कोरडा. टँकरजवळ दोन बायकांची पाण्याची गुंडं आपटून मारामारी. भैयाजींनी मॅडमकडे अर्ज दिला, नवा रस्ता दोनशे ऐंशी मीटर पूर्ण फोडा. पूर्ण.

विचार केला. जागा दाखवली तर चार फूट फुटेल. नाही दाखवली तर सगळा जाईल. रस्ता वाचवायचा असेल तर बोललं पाहिजे. हा शुद्ध व्यवहार आहे. बाकी काही कारण नाही.

उद्या जाऊन मार्गदर्शन करायचं. अनुभवी नजरेने जागा हेरली, असं झालं तर उलट नाव होईल. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

११ मार्च, मंगळवार

सकाळी दहाला पोचलो. शंभरेक माणसं. मिलच्या फाटकासमोर गेलो. येताना वाक्य पाठ केलं होतं: माझ्या अंदाजाप्रमाणे उताराचा विचार करता. तोंडातून निघालं नाही. पायाने दाखवलं. म्हटलं, इथे.

मॅडमनी विचारलं, इथेच का? म्हटलं, अंदाज. मजुरांनी ब्रेकर लावला. पाऊण तास. माझ्या पायाखाली रस्ता थरथरत होता, तरी मी सरकलो नाही. लोक पाइपाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

पाइप उघडा झाला. ट्यूब कुजून सैल झाली होती, तार गंजलेली, भोवती नालीचा काळा चिखल. पतिराम गुडघाभर घाणीत उतरला. तुकडा कापला, नवा बसवला. त्याला वीस मिनिटं लागली.

वर आल्यावर तो माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, मारेल. लोक होते म्हणून मारलं नसेल. तो म्हणाला, "वीस मिनिटाचं काम होतं जी." एवढंच. आवाजही चढवला नाही.

हिमांशूचा फोन बंद आहे.

१३ मार्च, गुरुवार. होळी

वॉर्ड सहात होळी पेटली नाही. नागपूरहून खबर आली. मूल पोटातच गेलं. दुर्गा जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, वाचेल.

रविता माहेरी गोरेगावला गेली. बॅग लहान नेली आहे, म्हणजे लवकर येईल. कपाट उघडून पाहिलं. मोठी बॅग तशीच आहे, साड्या कमी आहेत.

आज फिरायला गेलो. पाचला नाही, आठला. समोरून येणारी माणसं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होत होती.

२० मार्च, गुरुवार

मासिक सभा. गुपचूपच्या गाड्यांवरची बंदी उठवली. मग विषय क्रमांक चार.  कारकुनाने ठराव वाचला: वॉर्ड सहाच्या रस्त्याच्या कामाची व संबंधितांची चौकशी व्हावी. भैयाजी बोलतील म्हणून मी उत्तराचे मुद्दे काढून नेले होते. ते बोलले नाहीत. 

नगराध्यक्ष म्हणाले, अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर गेले. सवयीने माझाही गेला. मग खाली घेता येईना. कारकुनाने मोजून लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

राजीनामा लिहून ठेवला आहे. तारीख टाकलेली नाही.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ४

दुर्गा चार दिवसांपूर्वी घरी आली. आज ठरवून गेलो. गाडी नेली नाही. बोलायचं काय ते चारदा मनात घोळवलं. चूक झाली असं म्हणायचं होतं. झाली नाही, केली, असं म्हणायचं होतं.

पतिराम पाणी सोडायला गेलेला. नीलेश कामावर. दुर्गा ओसरीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. हात बारीक झालेत. डोळ्यांत अजून पिवळेपणा आहे. वॉर्डात माझे इतके बॅनर लागले, पण तिने मला कधी पाहिलंच नसावं. ओळखलं नाही.

म्हणाली, "कोन पायजे जी?"

आतून तिची सासू दुर्पताबाई बाहेर यायला लागली. बांगड्यांचा आवाज आला.

मी म्हटलं, पत्ता चुकला.

दुर्गा सूप बाजूला ठेवून भिंतीचा आधार घेत उठली. उठायला तिला वेळ लागला. दारापर्यंत आली आणि हात करून मेन रोडकडे जायची वाट दाखवली. म्हणाली, सरळ जा, मिलजवळ खड्डा आहे, संबालून.