दमण सोडलं की वापी लागतं

मंगळवार, १४ ऑक्टोबर. कोपर.

आज परत वापीच्या कोर्टात जाऊन आलो. न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख. तिसरी खेप ही.

मी कसा विसरलो? ऑफिसची सहल दमणला होती. दुपारी जेवताना दोन बिअर घेतल्या, दमणला चालतात. पण घरचा रस्ता गुजरातमधून जातो आणि तिथे दारूबंदी. नाक्यावर मशीनमध्ये फुंकायला लावलं. वकील म्हणाला, "काका, पिऊन गाडी चालवलीत हा एक गुन्हा. पिऊन गुजरातमध्ये आलात हा दुसरा." दोन बिअर, दोन गुन्हे.

लायसन्स गेलं त्याचं काही नाही, रिक्षाने फिरतो. पासपोर्टचं लागलंय. अर्जात विचारलेलं, फौजदारी खटला चालू आहे का? सुनीता म्हणाली, "अहो, नाही लिहा. गुजरातचं इथे कोणाला कळतंय?" मी 'हो' लिहिलं. आता कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत पासपोर्ट नाही. आणि डिसेंबरात कॅनडाला केतकीचं बाळंतपण. सुनीता एकटीच जाणार बहुतेक.

लेकीला सांगितलंय, कागदपत्रं अडकलीत. गाडी शिकवताना तिला मीच बजावलेलं, घोटभर घेतलीस तरी चावी दुसऱ्याकडे. आणि स्वतः? दोन बिअर.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, तुला असं कसं अडवतात? आयुष्यात साधा सिग्नल तोडला नाहीस तू. मी आत्ता ऑनलाइन तक्रार टाकते."

"थांब," म्हणालो.

"का थांबू?"

एरवी मी फोन लगेच सुनीताकडे देतो. आज घेऊन गॅलरीत गेलो आणि मागे दार लावून घेतलं.