आवाज बंद करून पाहावयाचा किडा

तीर्थस्वरूप आत्यास,

डोळ्यावर ताण येणार नाही इतक्या बेताने केलेला साष्टांग नमस्कार.

डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना, की ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून बाटली फडताळात ठेवून दिलीस? डॉक्टरांनी वाकू नका, शिंकू नका, फोन बघू नका असं बजावलं होतं, त्यातलं निदान शिंकण्याचं तरी तू पाळत असशील. इकडे सगळं ठीक. म्हणजे ही ठीक आहे. मी मंगळवारपासून ताटाकडे नुसता बघत बसतो, कारण तुझा फोन नाही, आणि आपण होऊन करायचा माझा धीर होत नाही. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे.

पत्र तुला शेजारच्या शिलाईवाल्या बाई वाचून दाखवतील. (बाई, नमस्कार. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नये. तिचा चेहरा कसा आहे तेवढं मात्र मधूनमधून बघत जा.)

तर मंगळवारी मी तुला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक किडा आहे. तू तो पाहिला नसशील तर पाहू नकोस, आणि पाहायचाच झाला तर आवाज बंद करून पाहा. किड्याला आवाज नसतो, त्यामुळे तुझं काही बुडणार नाही. पण व्हिडिओखाली निळ्या खुणा उमटल्या आहेत, म्हणजे तो कुणीतरी उघडला आहे.

किड्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे तुझा गैरसमज व्हायचा नाही. शाळेने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप मी घरी आणला, हे तुला माहीत आहे. (हिच्या मते मोडीत मीच निघायला हवा होतो.) बागेतल्या हौदातलं चिमूटभर शेवाळ बशीत पिळलं की हे किडे सापडतात. ही त्यांना जंत म्हणते, पण ते स्वच्छ पाण्यातले, घरंदाज किडे आहेत. नखाच्या कडेवर मावतील एवढे, काचेसारखे आरपार, अंगावर नारिंगी ठिपके. काय खाल्लं ते बाहेरून दिसतं, म्हणजे खोटं बोलायची सोयच नाही. त्यांच्यात लग्नकार्याची भानगड नसते. शरीराच्या मध्येच दुसरं डोकं उगवतं, दोघे काही दिवस एकामागे एक जोडलेले हिंडतात आणि मग एकदाचे सुटतात. हे सुटणं मला टिपायचं होतं. त्यासाठी काचपट्टीवर थेंब, थेंबात किडा, वर पातळ काच, आणि मायक्रोस्कोपला चिकटवलेला फोन. थेंब वाळू लागला की ड्रॉपरने कडेने पाणी सोडायचं. जास्त झालं तर किडा वाहून जातो, कमी पडलं तर काच त्याच्या छातीवर बसते. (किड्याला छाती नसते, पण तुम्हाला कल्पना यावी.) हे सगळं मी मागच्या खोलीत मांडलं होतं, कारण उजेड तिथेच चांगला. मागची खोली म्हणजे तीच, ऑपरेशननंतर तू येऊन राहायची म्हणून ठरवलेली.

आता चूक कुठे झाली ते ऐक. छापखान्यात मी इतकी वर्षं मुद्रितं तपासतो आहे. व्हिडिओही मी मुद्रितासारखाच तपासला, डोळ्यांत तेल घालून, पुन्हा पुन्हा, एकही ठिपका न सोडता. आणि आवाज बंद ठेवून, कारण मुद्रितं बोलत नाहीत. मग तुझी करमणूक व्हावी म्हणून पाठवून दिला. रात्री ही म्हणाली, “अहो, त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. त्या बघणार कशा? त्या ऐकणार.” तेव्हा मी पहिल्यांदा आवाज लावला.

आधी भांडी वाजतात. मग ही म्हणते, “आत्या पुढच्या शनिवारी येतायत, ती खोली मोकळी करा.” त्यावर एक पुरुषी आवाज काहीतरी पुटपुटतो. तो टीव्हीचा असू शकतो. (बाई, इथून जरा घाईने वाचा.) टीव्ही त्या दिवशी बंद होता. आवाज माझा आहे. मी म्हणतो, “आत्या आठ दिवस सांगून येते आणि दोन महिने हलत नाही. तिला म्हणावं, पुढच्या महिन्यात ये. किडा काय थांबणार आहे?” पण तेव्हा भांडी फार वाजत होती, तुला हे ऐकूच आलं नसेल. म्हणजे आता ते मी स्वतः लिहून कळवलं आहे. (बाई, वरचं वाचलंत का? नसेल वाचलं तर अजून वेळ गेलेली नाही.)

आत्या, आईच्या आजारपणात मी तुझ्याकडे महिनाभर म्हणून आलो आणि तीन वर्षं राहिलो. ‘कधी जाणार’ हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. मला माझी लाज वाटते. चार दिवस हेच एक वाक्य लिहायचं होतं, किडा उगाच मध्ये आला.

कळावे, आणि कळल्यावर रागावू नये.

तुझा भाचा

ता. क. खोली मोकळी केली आहे. मायक्रोस्कोप आता कपडे धुण्याच्या मशीनवर असतो. मशीन फिरू लागलं की किड्याच्या जगात भूकंप होतो, पण माझी तक्रार नाही. तू ठरल्या शनिवारी ये.

ता. क. दुसरा. राग आलाच असेल तर इथे येऊन धर. तिकडे एकटीने धरू नकोस.

आत्या, नमस्कार. पाकीट मी बंद करतेय, म्हणून चार ओळी माझ्या. मायक्रोस्कोप मशीनवर आहे हे खरं, पण मंगळवारपासून यांनी त्याला हात लावलेला नाही. काल मी भिंग लावून बघितलं तर बशीत ते जोडलेले दोन किडे सुटून वेगवेगळे फिरत होते. सांगितलं, तर “असू दे” म्हणाले आणि फोनला रेंज आहे का बघायला गॅलरीत गेले. शिलाईवाल्या बाईंना मी कळवून ठेवलंय, कंसातलंही सगळं मोठ्याने वाचा. शनिवारी न्यायला हेच येतील, पण वर यायचा धीर व्हायचा नाही, तुमच्या जिन्याखालीच घुटमळत राहतील. तेवढी वरून एक हाक मारा.