एक तास पन्नास मिनिटं

दादा,

तू उठशील तेव्हा मी विमानात असेन. फोन करू नकोस, बंद असेल.

आई गेली तेव्हा तू म्हणालास, "इतक्या लांबून लगेच कसा येऊ गं?" आलास तो पंधरा दिवसांनी, काल. तिकीट काढताना मी पाहिलं. तुझं शहर अकराशे किलोमीटरवर आहे आणि विमानाला एक तास पन्नास मिनिटं लागतात. आईला तपासायला नेलं की दवाखान्याच्या बाकावरच माझे याहून जास्त तास जायचे. मला तिकडेच नोकरी लागली आहे. तुझ्या घरी उतरणार नाही, वहिनीला निर्धास्त राहायला सांग.

बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळव, नाहीतर पाठ सोलवटते. गोळ्या कुटून दुधातून दे.

आणखी एक. सहा वर्षं ते दाराकडे बघून विचारायचे, "आला का गं तो?" शेवटी वैतागून मी गेल्या वर्षी सांगून टाकलं, की तू अपघातात गेलास. दोन दिवस रडले, मग विचारायचे थांबले. काल तुला बघून किंचाळले ते त्यामुळेच. आता तू कोण, हे त्यांना तूच पटवून दे.

धाकटी