पासपोर्ट बटणांच्या डब्यात आहे

भिंगरे,

आधी हे पुरतं वाच, मग किंचाळ. तुझा पासपोर्ट बॅगेत नाही. हरवलेला नाही, माझ्या शिवणाच्या दुकानात बटणांच्या डब्यात आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी कसं राहायचं ते सांगणारा तुझ्या कॉलेजचा इंग्रजी कागद काल तुझ्या काकाकडून वाचून घेतला. त्यात म्हणे, अस्सल पासपोर्ट एकीकडे ठेवा, झेरॉक्स दुसरीकडे. म्हणून झेरॉक्स तुझ्या बॅगेत घातली आणि अस्सल दुकानात नेला. आज सकाळी काका हसत सुटला, "आई, अस्सल नसेल तर तिला विमानात कोण घेईल?" मग तसं नीट लिहायला त्यांना काय धाड भरली होती? एका जागी लिहितात, सारखे घरी फोन करू नका, नवी माणसं जोडा. खाली लिहितात, घरच्यांशी बोलत राहा. आता तू फोन करणार की नाही, मी काय समजायचं? तीनदा वाचून घेतलं, डोकं नुसतं गरगरतंय.

विमानतळावर येणार नाही असं मी म्हणाले, ते खरंच. शाळेचे गणवेश आजच शिवून द्यायचेत. पण गाडी दुकानावरून आण. खरं सांगू, डबा बंद करताना मलाच कळेना, पासपोर्ट जपून ठेवतेय की लपवून.

निळा कोट अंगात घालून ये. त्याला आतून चोरखिसा शिवलाय. पासपोर्ट त्यात मीच घालीन आणि वरचं बटणही मीच लावीन.

आजी