दोन हजार अंशांचं पाणी

प्रिय फूटपट्टी,

तुझ्या भावाचा फोन आला होता. आई गेल्यापासून तू खोलीबाहेर फारशी पडत नाहीस, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात म्हणाला. समजूत घालणारे तिथे पुष्कळ असतील, त्यात माझी भर नको. मी आपला पोहण्याच्या तलावावरची बातमी सांगतो.

आलेख काढायचं काम सध्या माझ्याच गळ्यात आहे, आणि वरच्या ऑफिसने कॉम्प्युटरमध्ये त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली. आधीच घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं. तुझा तो महिनावार आलेख आठवतो ना? पोहायला आलेल्या माणसांचे निळे खांब आणि त्यांच्यावरून जाणारी पाण्याच्या तापमानाची लाल रेघ. पूर्वी खांब आणि रेघ एकत्र असा आयता नमुना यादीत असायचा. तू तो निवडलास की काम फत्ते. नव्यात तो नमुनाच गायब, सगळ्याचे खांबच होतात. माणसं हजारांत आणि तापमान पंचवीस-तीस, त्यामुळे तापमानाचे खांब अगदी जमिनीला चिकटलेले. त्यांची रेघ करायची तर आधी त्यांच्यावर क्लिक करायला हवं, आणि पंप चालवून राठ झालेले माझे हात तू पाहिले आहेस. दर वेळी नेम चुकायचा आणि माणसांचीच रेघ व्हायची.

मग मी शक्कल लढवली. एका महिन्याचं तापमान खोटंच दोन हजार अंश लिहिलं. तो खांब ताडमाड वाढला, त्याला पकडून रेघ केली आणि तिला उजवीकडे तिची वेगळी मोजपट्टी दिली. इतका हरखलो की आकडा पुन्हा खरा करायचा राहून गेला, आणि तसाच कागद तिकीट खिडकीवर लावला. रोज पोहायला येणाऱ्या आजीबाईंनी चष्मा वर करून तो वाचला आणि म्हणाल्या, "उद्या येताना बटाटे आणू का उकडायला?" अख्खी रांग हसली. मीही हसलो आणि सवयीने तुझ्या खुर्चीकडे वळलो. खुर्चीवर कुणाचा तरी ओला टॉवेल होता.

सकाळी मी थर्मामीटर वाचून आकडा सांगायचो, तरी तू पेन ठेवून काठावर यायचीस, बाही सरकवून मनगट पाण्यात बुडवायचीस आणि म्हणायचीस, "एक अंश कमी लिहिते." माझ्यावर विश्वास नाही, म्हणून मी कुरकुरायचो आणि तुला फूटपट्टी म्हणायचो, तू मला थर्मामीटर. मनातून मात्र मला दिवसातलं तेवढंच आवडायचं. तू भावाकडे आईच्या सेवेला गेलीस आणि तेही संपलं.

आलेख आता मला जमतो, तेव्हा तो विचारायला हे पत्र नाही. तुझ्या जागेवरची मुलगी नोकरी सोडून गेली. साहेब जाहिरात देणार होते, मी त्यांना थोडं थांबायला सांगितलंय. खरं सांगायचं तर नोकरीचंही निमित्तच आहे. तू मला हवी आहेस. आई अंथरुणाला खिळलेली असताना तुला 'ये' कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? म्हणून इतकी वर्षं नुसती खुशाली विचारत राहिलो. आज म्हणतो. नोकरी नको असेल तर नको घेऊस, पण ये.

तुझाच,
थर्मामीटर